घरीच आहेस ना?

शरद ऋतू म्हटलं की लोकांना निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणं आठवतं. मला आमच्या हॉलमधला पंखा आठवतो. आश्विन लागला की तो माझा राहत नाही, तांदळाचा होतो.

2020 च्या टाळेबंदीत माझं ऑफिस डोंबिवलीतल्या आमच्या घरी मुक्कामाला आलं, ते काही परत गेलं नाही. बायको सकाळीच कॉलेजवर शिकवायला जाते, मुलगी शाळेत. मागे उरतो आई आणि मी. आईच्या लेखी नोकरी म्हणजे डबा घेऊन बाहेर पडणं. मला नोकरी आहे हे तिला मान्य आहे, कारण पगार येतो. पण खुर्चीत बसून पडद्याशी इंग्रजीत बोलणारा माणूस कामात आहे, हे काही तिला पटत नाही. "घरीच आहेस ना?" असं ती विचारते तेव्हा तो प्रश्न नसतो, नेमणूकपत्र असतं.

सुरुवात साफसफाईने होते. नवरात्राआधी पंखे पुसायचे. पात्याला उशीचा जुना अभ्रा घालायचा आणि अलगद बाहेर ओढायचा, म्हणजे धूळ अभ्र्यातच राहते. ही युक्ती उत्तम आहे. फक्त पाती आपल्या नाकाच्या वर असतात, आणि अभ्र्याला एखादं भोक असतंच. मग घट बसतात. पत्रावळीवर काळी माती, तीत धान्य, वर माळ. रोज पाणी घालायचं काम माझ्याकडे. जास्त झालं तर धान्य कुजतं, कमी झालं तर उगवत नाही, आणि दोन्ही वेळा आई धान्याकडे न बघता माझ्याकडे बघते.

दसऱ्याला लॅपटॉपची पूजा झाली. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती, शेजारी लॅपटॉप, त्यावर गंध, फूल, झेंडू आणि अक्षता. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. आमच्या परदेशी ग्राहकाला हा नियम माहीत नव्हता. शेवटी आईने उदार होऊन परवानगी दिली, "फूल न हलवता काय ते कर." दुपारभर मी झेंडूला वळसा घालून टाइप केलं. त्यातली एक अक्षता अजून 'एन'च्या कळीखाली आहे.

कोजागरीचं प्रकरण मात्र वेगळं. आमच्याकडे त्या रात्री आश्विनी असते, म्हणजे घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळायचं. मी थोरला. चंद्र वर यायला आणि अमेरिकावाल्यांची बैठक सुरू व्हायला एकच वेळ लागली. मी पडद्यावर आकडे समजावून देतोय, आणि मागून तबक आलं. निरांजन, सुपारी, हळदकुंकू. मी हातानेच 'थांब' म्हणालो. "चंद्र थांबणारे का?" म्हणत तिने टोपी चढवली, टिळा लावला आणि ओवाळलं. कॅमेरा चालू होता. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग त्यांच्यातल्या सर्वांत खडूस बाईंनी, ज्यांनी आमचं एकही काम आजवर पहिल्या झटक्यात मंजूर केलेलं नाही, गंभीरपणे हात जोडले. त्या रात्री आमचा अहवाल विनादुरुस्ती पास झाला. दर महिन्याला कोजागरी ठेवता येईल का, असं आमच्या मॅनेजरने मला खासगीत विचारलं.

मसाला दूध संपतं न संपतं तोच अनारसे. परतीचा पाऊस गेलेला, ऑक्टोबरचं ऊन तापलेलं, आणि हॉलमधल्या एकमेव चांगल्या पंख्याखाली जुन्या धोतरावर तांदूळ पसरलेले. त्यांना 3 दिवस भिजत घालायचं, रोज पाणी बदलायचं (कोणी, ते सांगत नाही), मग उपसून सावलीत वाळवायचे. मी घामाघूम होऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी, तांदूळ मात्र वाऱ्यात. किती वाळले की दळायचे, असं मी विचारलं. "हाताला ओलसर लागले पाहिजेत, पण हात ओला होता कामा नये." इतकी वर्षं संगणकाच्या धंद्यात काढली, पण इतकी संदिग्ध मागणी एकाही ग्राहकाने केलेली नाही. दर पंधरा मिनिटांनी उठून मी तांदूळ मुठीत धरून बघत होतो. पुढे गूळ घालून पीठ मुरलं, खसखशीवर थापून पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. म्हणजे कढईभर विरघळला. "ओलेच होते," आई म्हणाली. पुन्हा माझ्याकडे बघून.

दिवाळी गेली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे करतात, त्यामुळे आमच्या संध्याकाळच्या बैठका एक तास पुढे सरकतात. हे आईला समजावून सांगायला गेलो. "म्हणजे त्यांनी ठरवलं की वाजतात?" असं म्हणून तिने लगेच फायदा ओळखला. संध्याकाळचा तास मोकळा झाला. म्हणजे तुळशीच्या लग्नात अंतरपाट धरायला मी आलो.

पण त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं, आठवड्यातून 3 दिवस ऑफिसात हजर राहावं. आमच्या गटात सगळ्यांनी रडक्या चेहऱ्यांची रांग लावली. त्या रांगेत मीही एक चेहरा टाकला, पण मनात लाडू फुटत होते. डोंबिवलीहून ठाणे, तिथे गाडी बदलून ऐरोली. गर्दी, घाम, धक्के, सगळं कबूल. तिथे पंखा तांदळासाठी राखीव नसेल.

आईला बातमी दिली. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ठाण्याला उतरतोसच ना, गाडी बदलायला?"

"हो."

"मग पाच मिनिटं बाहेर पडलं की जांभळी नाका. आवळे, चिंचा, बोरं आण. आणि ऊस. मांडवाला लागतात, चांगले उंच बघून घे."

"आई, संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये माणसाला उभं राहायला जागा नसते. ऊस कुठे?"

"उभाच येईल की. त्याला कुठे बसायचंय?"