तीन मुलांचा सल्ला आणि जपानचा चुकीचा दाखला

“जपान संपत चाललाय. मुलं जन्माला घातली नाहीत म्हणून त्यांची अर्थव्यवस्था बुडाली. युद्धाच्या या काळात ज्याच्याकडे माणसं जास्त तोच टिकणार. म्हणून आपल्या प्रत्येक घरात किमान तीन मुलं हवीत.” हा मजकूर गटागटांतून फिरतो आहे आणि शिकलेली माणसंही तो विश्वासाने पुढे पाठवतात, म्हणून हे लिहितो आहे.

जपानची लोकसंख्या घटते आहे, यात वाद नाही. 2008च्या सुमारास ती 12 कोटी 80 लाखांच्या घरात होती, आता 12 कोटी 40 लाखांच्या खाली आली आहे. 2024 मध्ये तिथला जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, 1.15 होता. ओस पडणारी खेडी आणि पेन्शनचा बोजा हेही खरंच आहे.

पण “मुलं नाहीत म्हणून अर्थव्यवस्था बुडाली” हे कालक्रमातच बसत नाही. शेअर बाजाराचा फुगा 1990 मध्ये फुटला, मागोमाग जमिनीचे भाव कोसळले आणि बँकांनी बुडीत कर्जं वर्षानुवर्षं झाकून ठेवली. तेव्हा कामकरी वयाची लोकसंख्या वाढत होती. ती 1995 नंतर घटू लागली. 1998 ते 2019 या काळात कामकरी वयाच्या माणसामागे उत्पन्नाची वाढ पाहिली, तर जपान अमेरिकेच्या किंचित पुढेच आहे. देशाचं एकूण उत्पन्न फारसं वाढलं नाही, कारण माणसं कमी झाली. माणूस गरीब झाला, असा त्याचा अर्थ होत नाही.

“माणसं जास्त तोच टिकणार” हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. 2010 मध्ये चीन आणि जपान दोघंही हक्क सांगतात त्या सेन्काकू बेटांजवळ दोन्ही देशांच्या बोटींची टक्कर झाली. त्यानंतर चीनकडून जपानला होणारा रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) खनिजांचा पुरवठा अडला. मोटारी, चुंबकं, इलेक्ट्रॉनिक्स, सगळं त्यावर अवलंबून, आणि त्यातली जवळपास 90 टक्के आयात एकट्या चीनमधून. जपानने काय केलं? 2011 मध्ये सरकारी संस्था आणि सोजित्स कंपनीने मिळून ऑस्ट्रेलियातल्या लायनस या खाण कंपनीत पैसा गुंतवला. साठे केले, पुनर्वापर वाढवला, कमी खनिजात चालणारी चुंबकं बनवली. चीनवरचं अवलंबित्व 60 टक्क्यांच्या आसपास आलं. धोका संपला नाही, पण कमी झाला. 1973च्या तेलसंकटानंतर उभारलेले तेलाचे साठेही त्याच विचारातून आले. यातलं एकही काम जास्त मुलांनी झालेलं नाही.

कामाला हात कुठून आणले? 2012 ते 2019 मध्ये नोकरदारांची संख्या 40 लाखांहून अधिक वाढली, तीही कामकरी वयाची लोकसंख्या घटत असताना. बायका आणि साठी ओलांडलेली माणसं कामावर आली. यातल्या बऱ्याच बायकांना अर्धवेळ, कमी पगाराचं काम मिळालं, ही या यशाची मोठी उणीव आहे. 2019 पासून जपानने परदेशी कुशल कामगारांसाठी नवा व्हिसाही सुरू केला.

राहिला तीन मुलांचा मुद्दा. हंगेरीने मुलं होणाऱ्या जोडप्यांना कर्जमाफी दिली, चार मुलांच्या आईला आयकर माफ केला. जननदर 2011 मधल्या 1.23 वरून 2021 मध्ये 1.6 च्या आसपास गेला आणि 2024 मध्ये पुन्हा 1.4 च्या खाली आला. शिवाय आज जन्मलेलं मूल कमावतं व्हायला वीस-बावीस वर्षं लागतात. तोवर त्याला शिकवायचं कुणी, आणि त्याच्या आजीला सांभाळायचं कुणी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा जननदर 2019-21 मध्येच 1.7 होता. म्हणजे आपणही म्हाताऱ्या समाजाकडे चाललो आहोत, आणि जपानइतके श्रीमंत होण्याआधीच. दारिद्र्यरेषेखालच्या 60 ते 79 वयाच्या माणसाला केंद्राकडून मिळणारं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन महिन्याला 200 रुपये आहे. राज्य भर घालतं तेव्हा ते 1,500 होतं. तीन मुलं मागणाऱ्यांनी आधी ही रक्कम वाढवायची मागणी करावी, आणि कामावर जाणाऱ्या आईला परवडेल असं पाळणाघर वस्तीत मागावं.