एकही झाड नसलेला लाकूडतोड्या

माझ्याकडे अकरा चेनसॉ आहेत. झाड एकही नाही.

घरी नवीन माणूस आला की त्याला हे कळायला फार वेळ लागत नाही, कारण दोन करवती दारामागेच उभ्या असतात. "लाकडाचा धंदा आहे का?" असं तो विचारतो. "नाही हो, छंद आहे," असं मी म्हणतो. मग तो खुर्ची थोडी मागे सरकवतो. तिकिटं किंवा नाणी जमवणाऱ्या माणसाचं लोक कौतुक करतात. जुन्या यांत्रिक करवती जमवणाऱ्याकडे ते आधी बघतात आणि मग दाराकडे. अशा वेळी आमची ही पाहुण्याला धीर देते, "घाबरू नका, चालत एकही नाही."

हे काही खरं नाही. तीन चालतात. म्हणजे, चालल्या होत्या.

अकराचा आकडा ऐकून मी हावरट असेन असं वाटेल. पण मी हौसेने घेतली ती एकच, पहिली. तिचा स्टार्टर तुटका होता, म्हणून तसल्याच मॉडेलची दुसरी घेतली, स्पेअरसाठी. घरी आणून उघडली तर दुसरीचं इंजिन पहिलीपेक्षा ठणठणीत निघालं. एवढ्या चांगल्या मशीनचे तुकडे करायला हात धजेना. मग पहिलीच दुसरीची स्पेअर ठरली. पण पहिली ती पहिलीच! तिच्यावरही जीव जडलेला. तेव्हा दोघींच्या स्पेअरसाठी तिसरी आली. या हिशेबाने बाकीच्या आल्या. गोष्टीतल्या लाकूडतोड्याला जलदेवतेने विचारलं होतं, तुझी कुऱ्हाड सोन्याची, चांदीची की लोखंडाची? मी त्याच्या जागी असतो तर तिन्ही ठेवून घेतल्या असत्या आणि वर विचारलं असतं, "तळाशी एखादी गंजलेली पडली असेल तर बघा ना. स्पेअरसाठी."

हा नाद कशापायी, हे मला नीट सांगता येत नाही. त्यामुळे मी इतिहास सांगतो. आंद्रेआस श्टील या जर्मन माणसाने १९२६ साली विजेवर चालणारी करवत काढली. तिचं वजन ४८ किलो, उचलायला दोन माणसं. पुढच्याच वर्षी एमिल लेर्पने पेट्रोलवर चालणारी काढली आणि ज्या डोंगरावर तिची चाचणी घेतली त्या डोंगराचंच नाव तिला दिलं, डोलमार. १९५९ सालच्या श्टील काँट्रापर्यंत वजन १२ किलोंवर उतरलं होतं आणि ताकद सहा अश्वशक्ती. इथपर्यंत पाहुणे सहन करतात. मग मी त्यांना जो कॉक्सची अळी सांगतो.

जो कॉक्स अमेरिकेतल्या ऑरेगनमधला लाकूडतोड्या. तेव्हाच्या साखळ्यांचे दात सरळ, हातकरवतीसारखे. लाकूड कमी कापायचे आणि धार लावून घ्यायला जास्त वेळ खायचे. १९४६ साली या गृहस्थाला एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना दिसली. ती उभं-आडवं न बघता, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून असं सपासप लाकूड खात होती. कॉक्सने तिच्या जबड्यासारखे वाकडे दात साखळीला बसवले, एक डावा, एक उजवा. आज कोणत्याही चेनसॉची साखळी हातात घ्या, ती थोड्याफार फरकाने त्या अळीचाच जबडा आहे. मला हे फार थोर वाटतं. माणसाने लाकडातली अळी बघावी आणि चिरडून टाकण्याऐवजी तिच्याकडून शिकावं! पाहुणे मात्र इथे घड्याळ बघतात.

एकदा उत्साहाच्या भरात मी आणखी मागे गेलो. साखळीची करवत मुळात लाकडासाठी नव्हतीच, हे सांगून बसलो. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडच्या दोन डॉक्टरांनी हाडं कापायला हाताने ओढायची साखळीकरवत वापरली होती आणि १८३०च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मनाने त्याच कामासाठी दांडा फिरवून चालणारी बनवली. "म्हणजे मूळ उपयोग हाच!" असं मी हातातला पाना उंचावून म्हणालो. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत.

असो. मुद्दा अकराव्या करवतीचा आहे.

ही १९६०च्या दशकातली, पिवळी. म्हणजे काजळीखाली पिवळी असावी, असा अंदाज. कंपनीचं नाव सांगत नाही, चूक तिची नव्हती. दुकानदार म्हणाला, "चालू स्थितीत होती." त्यातल्या 'होती'कडे मी दुर्लक्ष केलं. जुनी चेनसॉ घेताना एक परीक्षा करतात. स्टार्टरच्या दोरीची मूठ धरून मशीन हवेत लटकवायचं. ते दमादमाने, थांबत थांबत खाली आलं तर सिलिंडरमध्ये दाब शिल्लक आहे. सरळ खाली आलं तर पायाचा अंगठा बाजूला घ्यायचा. ही बया अगदी तालेवार चालीने, पायरी-पायरी उतरल्यासारखी खाली आली. मी तिथेच विरघळलो.

घरी आणून स्टार्टर उघडला. त्याच्या आत पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते. ती हळूच, झाकण दाबून धरत काढायची असते, हे मला दहा करवतींच्या अनुभवाने पाठ होतं. तरी ती सुटलीच. फुर्रर्र आवाज झाला आणि डोळ्यांदेखत ती खोलीभर झाली. टेबलावर, टेबलाखाली, माझ्या चष्म्यात. ती परत डबीत बसवायला दोन संध्याकाळी गेल्या. त्या दोन संध्याकाळी मी तोंडाने काय काय म्हणत होतो ते मुलांनी ऐकू नये म्हणून हिने टीव्हीचा आवाज वाढवला होता.

मग क्लच. बहुतेक चेनसॉच्या क्लचचे आटे उलटे असतात. सोडवायला घट्ट करायच्या दिशेने फिरवायचं. हेही मला माहीत आहे. पण हाताला माहीत नसतं. डोकं म्हणतं उजवीकडे, हात म्हणतो गेली पन्नास वर्षं आपण डावीकडे फिरवतोय. शिवाय क्लच फिरवला की पिस्टनही फिरतो, म्हणून स्पार्क प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरीचा तुकडा कोंबून पिस्टन अडवायचा. मी दोरी कोंबली, सगळ्या ताकदीने पाना फिरवला. डावीकडे. क्लच आणखी घट्ट झाला.

कार्ब्युरेटरची कहाणी थोडक्यात सांगतो. त्यात एक रबरी पडदा असतो, डायफ्रॅम. तो लवचीक असतो म्हणून तर करवत आडवी धरा, उलटी धरा, पेट्रोल पोचतंच. माझ्या मशीनमधला वाळलेल्या पानासारखा कुरकुरीत झालेला. नवीन टाकला. इंधनाची नळी तर बोट लावताच चिकट लगदा होऊन हातात आली.

खरं घोडं पेंड खात होतं ते ठिणगीशी. जुन्या मशीनमध्ये पॉइंट्स असतात. उघडतात, मिटतात, त्यावर ठिणगी पडायची वेळ ठरते. त्यांच्यातली फट साधारण ०.४ मिलिमीटर. एवढीशी ती फट, पण ती बसवलेली फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड फिरत्या चाकाच्या खाली. म्हणजे नखाएवढ्या जागेतला गंज पुसायला अर्धं मशीन उतरवायचं. मी उतरवलं. पुसलं. कंडेन्सर बदलला. फ्लायव्हील आणि कॉइल यांच्यामधलं अंतर व्हिजिटिंग कार्ड घालून मोजलं. माझ्या व्हिजिटिंग कार्डाचा आयुष्यातला एकमेव ठोस उपयोग.

हे सगळं झाल्यावर मी दोरी ओढायला लागलो.

चेनसॉची दोरी ओढणं हा व्यायाम नाही, विनवणी आहे. चोक लावून चार वेळा. चोक काढून सहा वेळा. मग प्लग काढून बघायचा. कोरडा असला तर पेट्रोल येत नाही, ओला असला तर जास्त येतंय, आणि नेमका हवा तसा असला तर तुमचं नशीबच खराब आहे. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी अंगणात उभा राहून दोरी ओढत होतो. कुंपणापलीकडचे शेजारी पहिल्या आठवड्यात "काय, चालू होतेय का?" असं विचारायचे. दुसऱ्या आठवड्यात नुसते हसायचे. तिसऱ्या आठवड्यात ते माझी नजर चुकवून घरात जाऊ लागले. अपयश रोजच्या रोज बघायचं म्हणजे बघणाऱ्यालाही त्रासच होतो.

त्या रविवारी मी साखळी आणि ती जिच्यावर फिरते ती पट्टी उतरवून ठेवली होती. एवढी अक्कल मला आहे. हवागाळणीचं झाकण, आणि त्यातच बसवलेली चोकची खुंटी, रंग देऊन कपड्यांच्या दोरीवर वाळत टाकली होती. टाकी मात्र काठोकाठ भरली होती, शुभ बोलावं म्हणून. कानांवर आवाजरोधक चढवला, मशीन जमिनीवर ठेवून पाय रोवला आणि सवयीने दोरी ओढली.

चालू झाली!

निळ्या धुराचा लोट उठला. जमीन हादरली. दात हादरले. मी मशीन उचलून दोन्ही हातांनी धरलं आणि हसत सुटलो. पाऊण मिनिट मी जगातला सगळ्यांत सुखी माणूस होतो. मग बंद करायचं बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. खाली वाकून बघितलं. बटणाची तार जोडायची राहिली होती. ती बाजूला लोंबकळत, थरथरत होती. हे बटण ठिणगीची वीज मशीनच्या धडात वळवून इंजिन गप्प करतं, पण तार जोडलेली असेल तर. प्लगची टोपी उपटावी, तर त्या टोपीत हजारो व्होल्ट. तरी एकदा हात लावून पाहिला. तो कोपरापर्यंत मुंग्या घेऊन परत आला. एरवी चोक ओढला की हवा कोंडून इंजिन बंद पडतं. चोक दोरीवर वाळत होता, पिवळाधमक.

जी सुरू व्हावी म्हणून तीन आठवडे घाम गाळला, ती आता थांबेना. भरलेली टाकी संपेपर्यंत तिला कडेवर घेऊन उभं राहणं एवढंच हातात होतं. शेजारी बाहेर आले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान हलवून "नाही, नाही" म्हणत होतो. त्यांना तो विनय वाटला.

तेवढ्यात ही आली. तोंड हलत होतं, शब्द मला ऐकू येत नव्हते. अंदाज मात्र होता. मी डोळ्यांनी तार दाखवली, डोळ्यांनीच दोरीवरचा चोक दाखवला. तिने एकदा मशीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. कार्ब्युरेटरचं उघडं तोंड घों घों करत हवा ओढत होतं. तिने पायातली रबरी चप्पल काढली. मी डोळे मिटून घेतले. तिने ती सपाट तळव्याने त्या तोंडावर घट्ट दाबून धरली.

मशीन एकदा उचकलं, दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

मी कानांवरचा आवाजरोधक काढला. अंगणात इतकी शांतता की शेजाऱ्यांची राहिलेली एक टाळी ऐकू आली.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात," ती म्हणाली. "याचं नाक दाबलं तर तोंड बंद झालं. तुमच्या बाबतीत मात्र अजून जमलं नाहीये."

चपलेच्या तळाला नाण्याएवढा काळा, वाटोळा ठसा उमटला होता. पेट्रोलचा वासही जाईना. तिने नवा जोड आणला. ठशाची चप्पल मी धुऊन पुसून हत्यारांच्या फळीवर, पान्यांच्या शेजारी खिळ्याला लटकवली. बटणाची तार आता जोडली आहे, पण असावी जवळ. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याच खिळ्याला जोडीतली दुसरीही लटकत होती.

"ही कशाला?"

"असू दे," ती आतून म्हणाली. "स्पेअरला."