लिंकनला इलिनॉयच्या जनतेने दोनदा नाकारलं? कधी?

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरच्या ग्रुपवर लिंकन येतोच. यंदाही आला. ‘१८३२ : निवडणूक हरला. १८५५ : सिनेट हरला. १८५६ : उपराष्ट्राध्यक्षपद हुकलं. १८५८ : पुन्हा सिनेट हरला. १८६० : राष्ट्राध्यक्ष!’ आणि खाली तात्पर्य, जनतेने इतक्यांदा नाकारूनही गडी खचला नाही. कमी मार्क पडलेल्या पोराला धीर द्यायला माझी ना नाही. पण सिनेटच्या त्या दोन ओळी धड खोट्या नाहीत आणि खऱ्या तर मुळीच नाहीत.

घोटाळा ‘जनतेने’ या शब्दापासून सुरू होतो. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत अमेरिकेत सिनेटर निवडायचं ते राज्याचं विधिमंडळ. आपल्या राज्यसभेसारखंच. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेची सहावी जागा धनंजय महाडिकांनी जिंकली, संजय पवार पडले. दोघेही कोल्हापूरचे. म्हणून कोल्हापूरकरांनी पवारांना नाकारलं असं कोणी म्हणेल का? मतं आमदारांची होती.

आता १८५५. नोव्हेंबर १८५४ मध्ये लिंकन त्याच्या राज्याच्या, म्हणजे इलिनॉयच्या, विधिमंडळावर निवडून आला होता (हे फॉरवर्डमध्ये नाही), पण सिनेटला उभं राहता यावं म्हणून ती जागा त्याने सोडली. ८ फेब्रुवारीला विधिमंडळातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत लिंकन ४४, डेमोक्रॅटिक पक्षाचे शील्ड्स ४१, लायमन ट्रम्बुल ५. सगळी मेख त्या पाचांत. ते गुलामगिरीच्या फैलावाला विरोध करणारे डेमोक्रॅट. विचार लिंकनचेच, पण लिंकन तेव्हा विरोधी व्हिग पक्षाचा, आणि त्या पक्षाच्या माणसाला मत द्यायला ते तयार नाहीत. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. डेमोक्रॅटांनी मध्येच शील्ड्सना बाजूला सारून गव्हर्नर मॅटसनना पुढे केलं आणि ते ४७ पर्यंत पोचले. लिंकनकडे उरली १५. मॅटसन निवडून येतोय हे दिसताच लिंकनने आपल्या माणसांना सांगितलं, ट्रम्बुलला द्या. दहाव्या फेरीत ट्रम्बुल ५१ मतांनी सिनेटर. दुसऱ्याच दिवशी लिंकनने एका पत्रात लिहिलं की स्वतःच्या हरण्याच्या दुःखापेक्षा मॅटसन पडल्याचा आनंद मोठा आहे. त्याच्या बायकोला, मेरीला, मात्र हे पचलं नाही. ट्रम्बुलची बायको ज्युलिया तिच्या लग्नातली करवली. तिच्याशी मेरीने मैत्रीच तोडली.

१८५६ ची ओळ तर गंमतच आहे. लिंकन एव्हाना नव्या रिपब्लिकन पक्षात आला होता, पण त्या पक्षाच्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाला तो गेलाच नव्हता. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी इतरांनी त्याचं नाव पुढे केलं आणि ११० मतं पडली. याला हरणं म्हणायचं, तर लग्नाला न गेलेल्या माणसाला पंगतीतून उठवलं असंही म्हणता येईल.

१८५८ मध्ये लिंकन आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा सिनेटर स्टीफन डग्लस यांनी ओटावापासून ऑल्टनपर्यंत सात वादसभा घेतल्या. प्रत्येक तीन तासांची : एकाने तासभर बोलायचं, दुसऱ्याने दीड तास, मग पहिल्याला उत्तरासाठी अर्धा तास. लोक उन्हातान्हात उभं राहून ऐकायचे. पण २ नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर या दोघांचीही नावं नव्हती. होती ती विधिमंडळाच्या उमेदवारांची. राज्यभरात रिपब्लिकनांना डेमोक्रॅटांपेक्षा काही हजार मतं जास्तच पडली. तरी जागा कमी, कारण मतदारसंघ जुन्या जनगणनेवर आखलेले. मधल्या काळात उत्तर इलिनॉयची वस्ती भराभर वाढली होती, तिच्या वाट्याला जागा वाढल्या नव्हत्या. शिवाय विधिमंडळाच्या वरच्या सभागृहातले काही सदस्य त्या वर्षी निवडणुकीला सामोरेच गेले नाहीत. ५ जानेवारी १८५९ ला विधिमंडळात डग्लस ५४, लिंकन ४६. ज्या वर्षी त्याच्या पक्षाची मतं जास्त, तेच वर्ष ‘जनतेने नाकारलं’ म्हणून छापायचं!

१८३२ चा पराभव खरा, तो मान्य. पण तेव्हाही न्यू सेलम या त्याच्या गावातल्या ३०० पैकी २७७ मतं त्यालाच होती. पुढे १८३४, ३६, ३८ आणि ४० असा सलग चार वेळा तो विधिमंडळावर आला आणि १८४६ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर. ही वर्षं यादीतून कोणी गाळली?

आणि ते अडून बसलेले पाच? त्यांच्यातल्याच नॉर्मन जडने १८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदासाठी लिंकनचं नाव मांडलं. ट्रम्बुल पुढे सिनेटच्या न्यायविषयक समितीचा अध्यक्ष झाला. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६४ मध्ये त्याच समितीतून सिनेटपुढे आली. ‘१८५५ : सिनेट हरला’च्या ओळीत एवढं घालून बघा. मेसेज जरा लांबेल, इतकंच.