नवाचा पाढा

चवथीला पावसात वीज गेली तरी बाप्पा अंधारात नको, म्हणून मी यंदा मखराचे दिवे बॅटरीवर घेतले. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा स्विचिंग रेग्युलेटर, बोर्ड माझ्या हातचा. माळा पेटल्या, आई खूश झाली आणि आतल्या खोलीतून बाबांची हाक आली, "कितें केलें रे तुवें?"

बाबांचा रेडिओ म्हणजे मिडियम वेव्ह, आकाशवाणी पणजी, १२८७ किलोहर्ट्झ. काटा त्या जागी इतकी वर्षं आहे की आता बहुधा गंजून चिकटलाय. अभिषेकीबुवांचं नाट्यपद लागलं होतं आणि बुवांच्या मागे कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. माझ्या रेग्युलेटरची चिप तापत जाई तशी शिट्टी वरच्या पट्टीत सरके. केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेला. माझ्यामुळे बुवा पणजीहून फोंड्यापर्यंत पोचेनात.

चिप नावाला १५० किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला दीड लाख वेळा वीज चालू-बंद करणारी. माझ्या वाट्याला १४३च्या आसपासची आलेली. स्विचिंगची चौकोनी लाट कधी एकटी येत नाही. दुप्पट, तिप्पट, चौपट असं सगळं गणगोत घेऊन येते. आणि आपली मिडियम वेव्हची केंद्रं बसतात नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर. १४३ नवे १२८७, म्हणजे गणगोतातला नववा थेट बाबांच्या स्टेशनावर. शाळेत पाढ्यांना दांडी मारली, त्याची ही व्याजासकट वसुली.

आधी बोर्डाला अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली. दिसायला हळदीच्या पानात गुंडाळलेली पातोळी झाली, शिट्टी तशीच. वायरीत गोंगाट गिळणारा फेराइटचा (लोहयुक्त सिरॅमिकचा) मणी ओवला. शिट्टी जरा खाकरली, इतकंच.

मग बाबा स्वतःच पुरावा घेऊन आले. रागारागाने रेडिओ हलवताना एका कोनात शिट्टी एकदम बसली. आतली अँटेना म्हणजे फेराइटची कांडी, तिला दिशा कळते. एवढं महागडं उपकरण घरात असताना मी फॉइल गुंडाळत होतो! रेडिओ बोर्डावरून फिरवला, तर एका कोपऱ्यावर तो किंचाळलाच.

तिथे होता इनपुटचा कपॅसिटर. चिपमधला स्विच उघडझाप करतो तेव्हा करंट या कपॅसिटरमधून, स्विच आणि डायोडमधून झटके देत फिरतो. हे रिंगण जितकं लहान, तितका गोंगाट कमी. मी मात्र बोर्ड देखणा दिसावा म्हणून कपॅसिटर कडेच्या कनेक्टरपाशी नेऊन बसवलेला, चिपपासून साडेतीन सेंटीमीटर. चूल स्वयंपाकघरात आणि घागर तुळशीवृंदावनापाशी! वाटेच्या दर सेंटीमीटरला साधारण १० नॅनोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या झटक्याला आडवं येणारा हट्टीपणा, शिवाय बॅटरीच्या लांब वायरी अँटेना व्हायला तयारच. खालच्या ग्राउंडच्या तांब्यातही एक ट्रेस (तांब्याची वाट) न्यायला मी चीर पाडलेली. परतीचा करंट पणजीतल्या खणलेल्या रस्त्यासारखा वळसा घालत होता. आणि स्विचचा जो बिंदू ० ते १२ व्होल्ट उड्या मारतो, त्याचं तांबं मी 'थंड राहील' म्हणून पाटाएवढं रुंद केलं होतं, म्हणजे तीही एक अँटेनाच. सर्किटची आकृती अगदी बरोबर होती हो. पण आकृतीत अंतर नसतं, ही तिची लबाडी.

मुगाच्या दाण्याएवढा १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर थेट चिपच्या पायांशी डाग द्यायचा होता. चिमट्यातून तो दोनदा उडाला. एकदा तांदळात सापडला. मध्येच आई माटोळीला, म्हणजे बाप्पावरच्या फळापानांच्या छताला, सुपारीचे घोस बांधायला हाक मारत होती. चिरेवर तांब्याची पट्टी डागली, रुंद तांबं ब्लेडने खरवडलं, आणि रात्री अकराला बुवा एकटे गायले. बाबा डोळे मिटून ऐकत होते. शाबासकी वगैरे नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा शिट्टी. मी धावत जाऊन माझा बोर्ड बंद केला. शिट्टी चालूच! बाबांनी रेडिओ हळूहळू फिरवला, आवाज बसला तिथे थांबले आणि कांडीच्या रोखाने खिडकीबाहेर पाहिलं. शेजाऱ्यांच्या मखरात बाजारातली माळ लुकलुकत होती.

"सोल्डरिंगची कांडी घे," बाबा म्हणाले, "आणि नेवऱ्यांचं ताटही घे. रित्या हातांनी कशें वचप?"