संगमरवर दिला, दारूही दिली

बेळगावच्या खडेबाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं मीटरमागं दहा रुपये कमी करा म्हटलं, की मी असा चेहरा करतो की ते बिचारं पाचावरच गप्प बसतं. असा मी गेले चार महिने रोज तोट्यात चाललोय. दुकानात नव्हे, मोबाइलमध्ये.

पुतण्यानं नगर वसवायचा एक खेळ लावून दिला. घरं बांधली की नाणी, कारखाने बांधले की माल. आणि जागा कमी पडली की? आमच्याकडं सीमेचा प्रश्न 1956 पासून लोंबकळतोय, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. खेळात नाणी मोजली की सीमा बोटासरशी सरकते. पहिल्या रात्री मी तीनदा सरकवली. चौथ्या वेळेचा भाव बघितला आणि फोन उशीखाली ठेवला.

खरी मेख वेळेत आहे. कारखान्याला पाच मिनिटांचं काम लावलं तर तासाला भरपूर माल निघतो, चोवीस तासांचं लावलं तर त्या मानानं चिमूटभर. म्हणजे फायदा हवा तर दर पाच मिनिटांनी हजर राहा. परवा एका बाईंना इरकल उलगडून दाखवता दाखवता मी मालही गोळा केला. त्यांनी इरकल घेतली नाही.

त्यावर कडी म्हणजे वाटाघाटी. समोर पाच जण बसतात. कुणाला लाकूड हवं, कुणाला दगड, रंग, संगमरवर, कुणाला दारू. सांगत कुणीच नाही, आपण ओळखायचं. खेपा तीन, आणि चुकलेला मालसुद्धा परत मिळत नाही. माझ्याकडं दारू पडून होती म्हणून पहिल्याच खेपेला पाचही जणांना दारू दिली. एकानं घेतली, चौघांची वाया. तिसऱ्या खेपेनंतरही दोघं तोंड फिरवून बसलेले.

खेळातले हिरे खऱ्या पैशांनी विकत मिळतात. "काका, हिऱ्यांना हात लावू नका," पुतण्या म्हणाला होता. लावला.

जातिवंत व्यापारी मी, हिशेब तर ठेवणारच. जुन्या वहीत नावे-जमा मांडायला लागलो आणि ती वही सौ.च्या हाती लागली.

"काय ओ, हा संगमरवर कुठं बसवलासा?"

मी गप्प.

"आणि दारू पंधरा! कुणाला पाजलासा एवढी?"

"पाच जणांना. चौघांनी घेतलीच नाही."

"त्यांना तरी अक्कल आहे म्हणायची. आणि ही विहीर? जमा बाजूला लिहिलंय, विहीर एक. खानापूरकडं जमीन घेतलासा काय मला न सांगता?"

शेवटी फोन दाखवावा लागला. तिनं चष्मा लावला, वही मांडीवर घेतली आणि बोटानं ओळी खाली खाली नेत गेली. गेली सतरा वर्षं गल्लीतली भिशी ती चालवते. "तेहतीस नग दिलासा, आले दहा. त्यात हिरे धरलेलेच नाहीत." मग पुढची वाटाघाट तिनं स्वतः उघडली. पाच जणांना पाच वेगवेगळ्या वस्तू दिल्या. दोघांची बरोबर लागली, दोन वस्तू दुसऱ्याच कुणाला तरी हव्यात एवढं कळलं, एक कुणालाच नको होती. दुसऱ्या खेपेत सगळं जुळलं. गणपत गल्लीत भाजी घेताना ती नेमकं हेच करते. पिशवी धरून मागं उभा असतो मी, पण कधी लक्ष दिलं नव्हतं.

मग तिनं विहिरीवर बोट टेकवलं. खळखळ करत थोडी नाणी पडली.

"हिला परत कधी येतं?"

"उद्या. रोज एकदाच."

"रोज?" तिनं स्वयंपाकघरातल्या भरून ठेवलेल्या पिंपाकडं बघितलं. "मग आपल्या नळापेक्षा बरी की ओ."