नऊ टक्क्यांचं बोट

काल झेरॉक्सच्या दुकानात मला चारचौघांत ‘दोन्हीकडनं खाणारा’ म्हणण्यात आलं. अजून डोक्यातनं जात नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत प्रेस मशीनवर होतो, कारखाना बंद पडला. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेली की सरासरी रोजाच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यात एकदाच. अर्ज ऑनलाइन, म्हणजे आपल्याकडं झेरॉक्सच्या दुकानात. तिथल्या पोरानं पासबुक चाळलं आणि दुकानभर ऐकू जाईल असं ओरडला, “मामा, तुमच्या खात्यावर ईएसआयचे पैसे आधीच येत्यात की! दोन लाभ एकाला मिळत नसत्यात.”

ते पैसे बोटाचे. डाव्या तर्जनीचं टोकाचं पेर प्रेसनं नेलं. कुठलं बोट गेलं की कमाईची ताकद किती टक्के गेली धरायची, कायद्यात त्याचा तक्ताच आहे: तर्जनीचं एक पेर 9 टक्के, दोन पेरं 11, अख्खी तर्जनी 14. मधलं बोट 12. अनामिका नि करंगळी 7-7. अंगठी घालायच्या बोटाला सगळ्यात कमी भाव, हे गुजरीत, सराफांच्या पेठेत, कुणाला सांगू नका.

माझ्यामागं नेहरू शर्टातले एक तात्या सात-बारा काढायला उभे होते. त्यांचा सात-बारा तिथंच राहिला.

“बोटाचं किती बसलं ओ?”

“नऊ टक्के.”

“आनि अख्खं गेलं आसतं तर?”

“चौदा.”

तात्यांनी मनात वजाबाकी केली आणि त्यांचा चेहराच पडला. “आरारारा! पाच टक्क्यांसाठी हात मागं घेतलासा?”

“मी कुठला घेतोय तात्या? मशीनच वर गेलं.”

“तेच म्हंतोय. त्यानंबी जरा दमानं घ्यायचं.”

मग “बघू” म्हणून त्यांनी माझा हात ओढला आणि शेंडा खुडलेली भेंडी निरखावी तसं ते बोट उलटंपालटं केलं. “ह्याच्यावर मतदानाची शाई कुठं लावत्यात?”

“आहे त्याच्यावर.”

“मत पूर्ण धरत्यात न्हवं?”

दुकान हसलं. मीही हसलो, काय करणार? तेवढ्यात रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, “मी निराधारचे 1500 घेती म्हणून मला लाडकी बहीण हुता आलं न्हाई, आनि ह्यास्नी दोन-दोन? दोन्हीकडनं खात्यात की!” त्यांच्यावर चिडताही येईना, त्यांचं दुखणं खरंच होतं.

पण माझं काय खोटं? रोजगार बुडाला ते वेगळं, बोट तुटलं ते वेगळं. योजनेच्या अटीत सरळ लिहिलंय की त्याच काळात ईएसआयचे दुसरे रोख लाभ घेता येणार नाहीत, मात्र कायम अपंगत्वाचे पैसे चालूच राहतील. नोकरी गेली म्हणून पेर परत फुटणार आहे का? शिवाय हा काही दानधर्म नव्हे. माझ्या पगारातनं 0.75 टक्के आणि मालकाकडनं 3.25 टक्के दर महिन्याला गेलेत. ते कापताना कुणी दुकानात ओरडलं नाही. आणि बोटाचे मिळतात किती? रोजाच्या 90 टक्क्यांचे 9 टक्के. माझ्या त्यावेळच्या 500 रुपये रोजावर दिवसाला 40 रुपये 50 पैसे. एवढ्यात मिसळीची प्लेट येत नाही, आणि म्हणे दोन्हीकडनं खातो!

शेवटी ती अट मोबाइलवर काढून पोराच्या नाकासमोर धरली. त्यानं ती ओठ हलवत वाचली. सॉरी वगैरे काही नाही. अर्ज भरला, पावती छापली.

“पन्नास रुपये, मामा.”

म्हणजे बोटाचा सव्वा दिवस.

मी चपला घालत होतो तर तात्या काउंटरवर वाकून त्याला विचारत होते, “गुडघ्याचं काय हाय का रं त्या तक्त्यात?”