तीन किलोची लेन्स आणि खिडकीतली चिमणी

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या मंडळींत गेले काही महिने एक संदेश फिरतो आहे. मला तो चौघांनी पाठवला. सोबत एक देखणा फोटो: तरंगत्या बर्फावर उतरणारा समुद्री गरुड, भली मोठी पिवळी चोच, पांढरे खांदे, पंजात मासा. मजकूर थोडक्यात असा. घराजवळ तेच ते पक्षी असतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. पैसे साठवा आणि झेपेल तितकी मोठी लेन्स घ्या. परदेशात जा, तिथले पक्षी माणसाला भीत नाहीत. सेकंदाला तीस फ्रेम घेणारा कॅमेरा असला की एखादा फोटो चांगला निघतोच. आणि फोटो काढल्याने पक्ष्याचं काही जात नाही, तेव्हा बिनधास्त पुढे सरका.

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो इतका फिरला. पण सगळं वाचून नवशिक्या माणूस जे करायला जाईल, त्यात पैसा जाईल आणि फोटोही मिळणार नाही.

लेन्सपासून सुरुवात करतो, कारण इथे वाद घालायची गरजच नाही, गुणाकार-भागाकार पुरतो. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा आतला चौकोन, ३६ मिलिमीटर रुंद असतो. त्याला ६०० मिलिमीटरची लेन्स लावली तर ३० मीटरवर साधारण १.८ मीटर रुंदीचा पट्टा फ्रेममध्ये मावतो. चिमणी जेमतेम १५ सेंटिमीटर, म्हणजे फ्रेमच्या रुंदीचा बारावा भाग. आता ४०० ची साधी, हलकी लेन्स घ्या आणि चिमणी १० मीटरवर येऊ द्या. पट्टा झाला ९० सेंटिमीटरचा आणि चिमणी त्याचा सहावा भाग. निम्म्याहून कितीतरी कमी वजनाच्या आणि किमतीच्या लेन्सने ती दुप्पट लांबीची आली, क्षेत्रफळ धरलं तर चौपट. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हा हिशेब ५०० पिक्सेल विरुद्ध १००० पिक्सेल असा पडतो. पाचशे पिक्सेलच्या चिमणीला आमच्यात ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणतात: चिमणी होती, एवढाच पुरावा.

शिवाय हवा. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. लेन्स जितकी मोठी, तितकी ती थरथरही मोठी होऊन येते. फोकस चुकला म्हणून लेन्स दुरुस्तीला टाकणारे लोक मी पाहिले आहेत. लेन्स ठीक होती, वेळ दुपारची होती.

६०० एफ-४, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी ६०० ची लेन्स, वाईट असं कोण म्हणेल? कमी उजेडात ती जे देते ते दुसरी लेन्स देत नाही. पण ती आहे तीन किलोच्या आसपास. ती पेलत माणूस पक्ष्याच्या पातळीवर चिखलात आडवा होत नाही, उभाच राहतो; आणि उभ्याने टिपलेल्या पाणपक्ष्याची पाठ तेवढी दिसते, डोळा दिसत नाही.

मग चिमणी तीसवरून दहा मीटरवर येते कशी? आपण तिच्याकडे गेलो तर येत नाही. आपण बसून राहिलो तर येते. खंड्या मासा मारून पुन्हा त्याच काठीवर येतो. बगळा काठाने चालत जातो, तेव्हा त्याच्या वाटेवर पुढे जाऊन बसायचं. पक्षी उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे करतात, म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा धरली की उडणारा पक्षी आपल्या दिशेने, चेहऱ्यावर उजेड घेऊन येतो. याला पैसे पडत नाहीत. सवय मात्र लागते, आणि ती सवय रोज जाता येईल अशाच जागी लागते.

म्हणून ‘तेच ते पक्षी’ हे वाक्य मला सगळ्यात खटकलं. घरचिमणीचा नर वर्षभर तोच राहतो असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याचे बारा महिन्यांचे फोटो शेजारी ठेवून पाहावेत. विणीच्या दिवसांत चोच काळी, एरवी फिकट शिंगाच्या रंगाची. नवी पिसं आल्यावर गळ्यावरचा काळा पट्टा पुसट असतो, कारण त्या पिसांची टोकं फिकी असतात. महिने जातील तशी टोकं झिजतात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. म्हणजे विणीच्या वेळचा रुबाब नवीन पिसं फुटून येत नाही, जुनी झिजून येतो! हे आठ दिवसांच्या सहलीत कुणाला दिसणार? तिथे आपल्याला वर्षाचं एक पान मिळतं, आणि तेही पाऊस नसेल तर.

दुसरं, परदेशात जे कामाला येतं ते घरीच शिकून जावं लागतं. पेंग्विनचं पोट पांढरं, पाठ काळी. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर दोन्हींना सारखाच करड्याकडे ओढतो. फ्रेम पांढऱ्याने भरली की फोटो काळवंडतो, काळोख्या पार्श्वभूमीवर लहानसा पांढरा पक्षी असला की तो जळून जातो, म्हणजे नुसता पांढराफटक येतो. हा धडा बगळ्यावर आणि दयाळावर गिरवता येतो. ज्याचा अंगठा एक्स्पोजरच्या चकतीवर आपोआप फिरत नाही, तो पहिले तीन दिवस पेंग्विनांसमोर मेनू उघडून बसतो. आणि पाहुणे आपल्याकडेही येतातच की. माळभिंगरी उत्तर गोलार्धात वीण घालते आणि हिवाळ्यात थेट दक्षिणेच्या खंडांपर्यंत पोचते. वाटेतल्या कितीतरी तारांवर ती बसून जाते. तिला पासपोर्ट लागत नाही, आपल्याला मान वर करावी लागते.

आता ‘तिथले पक्षी भीत नाहीत’. गालापागोस बेटांबाबत हे खरं आहे. तिथे जमिनीवरचे शिकारी सस्तन प्राणी मुळातच नव्हते, त्यामुळे तिथला बूबी हा समुद्रपक्षी माणसाच्या वाटेत बसून राहतो. पण तिथलं राष्ट्रीय उद्यान प्राण्यांपासून दोन मीटर अंतर ठेवायला लावतं, फ्लॅशला मनाई आहे आणि बहुतेक ठिकाणी अधिकृत मार्गदर्शकाशिवाय फिरता येत नाही. अंटार्क्टिकात सहल कंपन्यांच्या संघटनेचा दंडक निदान पाच मीटरचा आहे आणि वाटेचा पहिला हक्क पेंग्विनचा. तो आपण होऊन बुटापाशी आला तर गोष्ट वेगळी. म्हणजे पक्षी जिथे भीत नाहीत तिथेच ‘पुढे सरका’ चालत नाही.

बाकी जगात भीती देशावर ठरत नाही. माणसांनी त्या पक्ष्याला काय अनुभव दिला यावर ती ठरते. जिथे शिकार होते तिथलं बदक शंभर मीटरवरून उठतं. शहरातले पक्षी त्याच जातीच्या रानातल्या पक्ष्यांपेक्षा माणसाला जास्त जवळ येऊ देतात, हे संशोधकांनी अनेक जातींबाबत मोजून दाखवलं आहे. धीट पक्षी हवा असेल तर गजबजलेल्या बागेतलं तळं परदेशातल्या राखीव जंगलापेक्षा बरं, हे ऐकायला कसंतरी वाटतं, पण आहे तसंच.

आणि तो गरुड. तो स्टेलरचा समुद्री गरुड. जपानमध्ये होक्काइदोच्या राउसू बंदरातून हिवाळ्याच्या शेवटी फोटोग्राफरांना घेऊन बोटी निघतात, बर्फापाशी थांबतात, आणि बोटीवरून मासे टाकले जातात. बर्फावर मासा धरलेल्या या गरुडाचे पुष्कळ फोटो असेच मिळालेले असतात. मला त्यात फसवणूक वाटत नाही, पाहणाऱ्याला सांगितलं तर. जिवंत उंदीर सोडून घुबड बोलावणं मात्र निराळं; वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरसारख्या स्पर्धेत जिवंत आमिष चालत नाही. पण ‘परदेशातले पक्षी’ म्हणून जे खपतं, त्यात मासे टाकणाऱ्याचाही हात असतो, एवढं तरी संदेशात यायला हवं होतं.

तीस फ्रेमचा मुद्दा लवकर संपतो. १८८२ साली फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला आणि उडत्या पक्ष्यांवर रोखला. तो सेकंदाला १२ चित्रं घ्यायचा. पंख हलतो कसा हे त्याला पाहायचं होतं आणि त्यासाठी बारा पुरली. आपल्याला काय पाहायचं आहे हेच ठरलं नसेल तर तीसही पुरत नाहीत. संध्याकाळी सहा हजार फोटो पुसत बसावं लागतं. शिवाय हा वेग बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक शटरचा असतो, म्हणजे पडदा न हलता नुसता सेन्सर वाचला जातो. काही सेन्सर ओळीओळीने इतके सावकाश वाचले जातात की फडफडणारा पंख रबरासारखा वाकलेला येतो.

राहिलं ‘पक्ष्याचं काही जात नाही’. मोबाइलवर त्याच्याच जातीचं गाणं वाजवलं की नर समोर येतो, हे खरं. तो येतो कारण त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला. खाणं सोडून, जोडीदाराला सोडून तो नसलेल्या शत्रूशी भांडत राहतो, आणि हे आपल्यामागून येणाऱ्या प्रत्येक फोनवर. दुर्मीळ पक्ष्याचं नेमकं ठिकाण फोटोबरोबर टाकलं की दुसऱ्या दिवशी गर्दी. म्हणून ईबर्ड हे पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ काही संवेदनशील जातींची ठिकाणं लोकांपासून लपवून ठेवतं.

घरट्याचं तर बोलूच नये. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने खंड्यासारख्या खास यादीतल्या पक्ष्याला घरट्यावर मुद्दाम किंवा बेपर्वाईने त्रास देणं गुन्हा आहे. तिथे तसा फोटो काढायचा तर परवाना लागतो. सहलीला निघणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? तिथलाच एरिक हॉस्किंग हा नामवंत पक्षी-छायाचित्रकार १९३७ साली अंधारात घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणाकडे जात असताना घुबडाने त्याच्यावर झडप घातली. त्यात त्याचा एक डोळा गेला. पुढे तो दशकानुदशकं पक्षीच टिपत राहिला, ही त्याची जिद्द.

बहुतेक पक्षी झडप घालत नाहीत. चोचीत किडा धरून ते फांदीवर बसून राहतात, इकडून तिकडे उडतात, शेपूट हलवतात, आणि घरट्याकडे जात नाहीत. फोटोत हे फार गोड दिसतं. ‘पिलांसाठी खाऊ’ असं त्याखाली लिहिताही येतं. पण तो पक्षी थांबला आहे तो आपल्यामुळे, आणि आत पिलं उपाशी आहेत. अशा वेळी लेन्स कितीची आहे हे न पाहता ती बॅगेत घालून निघायचं.